आखाजीचं पाणी

पिंपरीला कंपनीत लागलेल्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी आलेलं बागायतदाराचं घर नाकारलं होतं. मग चाकणच्या बाजारात ते भेटेल त्याला ऐकवत, "लेक पक्क्या घरात दिली." पक्कं घर म्हणजे चाळीतली एक खोली, वर पत्रा. चैत्र सरला की तो पत्रा असा तापायचा, की तव्याशिवाय भाकरी भाजून निघावी. माहेरी भिंती हातभर जाड, मातीच्या; उन्हाळा बाहेरच राहायचा. तरी माहेरी गेले की मी म्हणायचे, "गार असतं की आमच्याकडं." एवढ्या ऐटीत सांगणाऱ्या आबांचं नाक कापलं जाऊ नये, एवढंच मला बघायचं होतं.

आणि अक्षय्य तृतीयेला भर दुपारी आबाच दारात उभे. पितरांचं जेवण चुलत्यांच्या घरी होतं, म्हणून ते आंबे घेऊन इकडं आले होते, नाशिक फाट्यापासून चालत. बसल्यावर त्यांनी मुंडासं काढलं, वर पत्र्याकडं बघितलं आणि पुन्हा डोक्याला गुंडाळलं. मी दाराला ओलं गोणपाट टांगलं, जमिनीवर पाणी शिंपडलं. त्याची नुसती वाफ झाली.

"बरं हाय की हितं," आबा घाम पुसत म्हणाले.

माझा माठ नेमका आदल्या दिवशी तडकलेला. बादलीतलं पाणी दिलं. एक घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला. बापाला धड पाणी देता येऊ नये, याची मला इतकी लाज वाटली की मी बाहेरच आले.

शेजारी खानदेशातल्या एक बाई राहत; अक्षय्य तृतीयेला त्या आखाजी म्हणत. त्यांच्या दाराशी, चाळीच्या सामायिक ओसरीवर, वाळूत बसवलेली नवी घागर भरून ठेवली होती, तोंडावर खरबूज. आमच्या गावात उन्हाळ्यात दाराशी असा माठ ठेवतात, वाटसरूनं पाणी प्यावं म्हणून. पितरांच्या नावानं आम्ही भरतो तो करा, मातीचा छोटा घट, एवढासा, तोही देवापुढं. मला वाटलं, खरबूज गार व्हायला ठेवलंय. बाई नळावर गेल्या होत्या. मी खरबूज उचलून बाजूला ठेवलं आणि तांब्या बुडवला.

आबा घटाघटा प्याले. "असलं गार पानी हाय व्हय तुझ्याकडं?"

"नवा माठ घेतलाय," मी म्हणाले.

तांब्या घेऊन मी दाराबाहेर येते तोच बाई परत आल्या. खाली ठेवलेलं खरबूज बघितलं, माझ्या हातातला ओला तांब्या बघितला. "ती आमची आखाजीची घागर," त्या हळूच म्हणाल्या. "सासरे गेले ना दिवाळीत, त्यांच्या नावानं भरलेली. अजून पुजायची होती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आतून आबा उठून आले आणि त्यांनी हात जोडले. "चूक झाली, बाई." चूक माझी, खोटं माझं, आणि हात माझ्या बापाचे. मला मान वर करवेना.

बाईंनी खाली ठेवलेलं खरबूज उचललं. मग म्हणाल्या, "बसा, बाबा. आमच्यात आज पितर म्हणून कोणाला तरी जेवायला बसवतातच. पाणी तुम्ही प्यालात, आता जेवूनच जा."

त्यांनी दुसरं पाणी भरलं, पूजा केली, आणि आबा त्यांच्या खोलीत पाटावर बसले, मेलेल्या सासऱ्यांच्या जागी. तिथंही वर तोच पत्रा. पुरणपोळीवर घाम टपकत होता आणि बाई पदरानं वारा घालत होत्या. मी दारात उभी होते. मला आत जाववेना.

निघताना आबा एवढंच म्हणाले, "पत्रा लई तापतो, पोरी."

पुढं पावसाळ्यात माहेरी गेले तेव्हा आईनं सांगितलं, की पक्क्या घराचं नाव आता ते बाजारात काढत न्हाईत. आणि उन्हाळाभर दुपारचे आतल्या गार खोलीत आडवे झाले न्हाईत. गोठ्यावर पत्रा घातलाय, त्याच्याखाली जाऊन बसायचे.

"तुमा बापलेकीत काय झालं व्हय?" तिनं विचारलं.

"कुठं काय," मी म्हणाले. आबा तिथंच होते. ते उठले आणि गोठ्याकडं गेले.