तळ नसलेली टाकी

आमच्या गावात सुपारीच्या पिकाइतकीच फुशारकी संडासाच्या टाकीवर मारली जाते. ज्याची टाकी भरत नाही तो भाग्यवान. "बांधल्यापासून उपसली न्हाय आमची," हे माझे वडील आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवायचे. टाकी त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतली होती, चिऱ्यांची, घर आणि विहीर यांच्या मधे. मलाही तिचं कौतुकच होतं.

मुंबईची नोकरी संपवून मी दिवेआगरला वाडीत राहायला आले आणि मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं. खोल्या द्यायच्या तर टाकी एकदा दाखवून घ्यावी म्हणून माणसं शोधू लागले. पहिला ठेकेदार फोनवरच म्हणाला, "भरली न्हाय ना? मग कशाला उघडताय?" दुसऱ्याने आल्या आल्या गाडी आत घ्यायला सुपारीची चार झाडं तोडायला सांगितली, त्याला वडिलांनी चहासुद्धा दिला नाही. तिसरा रेवदंड्याकडचा. तोंडाची टकळी अखंड चालू, पण गाडी दारात उभी करून आधी विहीर कुठे ते विचारणारा तो एकटाच. माझं डोकं तोवर इतकं फिरलं होतं की तो काहीही म्हणाला असता तरी मी हो म्हटलं असतं.

झाकण सरकवलं. वास उडून जाईपर्यंत त्याने कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आत उतरायचं तर नावच नाही. मग लांब बांबू खाली सोडला. बांबू जातच राहिला. वर काढला तेव्हा टोकाला ओली पांढरी वाळू चिकटलेली होती.

"काका, ही टाकी न्हाय," तो हसत म्हणाला. "ही बाव हाय."

बाव म्हणजे विहीर. वडील तापले. "तळ कशाला पायजे? वाळू पिते सगळं."

"पिते ना. पन पिऊन ठेवते कुठं?"

तेव्हा आमच्या विहिरीच्या काठावर शेजारच्या वहिनींची कळशी ठेवलेली होती. वादळाच्या वर्षापासून त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, म्हणून प्यायचं पाणी त्या आमच्याकडून नेत. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला पाचव्या महिन्यातच माहेरी आली होती. तीही हेच पाणी पीत होती. आम्ही सगळ्यांनी त्या कळशीकडे पाहिलं.

ठेकेदाराने डबीतली हिरवी पूड टाकीत ओतली, वरून पाणी सोडलं, आणि विहिरीला पंप लावून पाणी खाली घ्यायला सांगितलं. विहिरीत हिरवा रंग उतरला तर टाकीचं पाणी तिथे येतंय, म्हणाला. तोवर पाणी बंद. वहिनींना मी विहिरीचं काम निघालंय एवढंच सांगितलं आणि बाटल्यांचं पाणी पोचवलं. वडील खुर्ची टाकून विहिरीशी बसले. दोन दिवस काहीच दिसलं नाही आणि त्यांचा आवाज पुन्हा चढू लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली, पण अगदी हळू.

मी वाकून पाहिलं. खालच्या एका चिऱ्याच्या सांध्यातून हिरवी रेघ निघाली होती. शेवईच्या काडीएवढी बारीक, शांतपणे पाण्यात उतरत होती. मला शिसारी यायला हवी होती. ती नंतर आली. आधी मी नुसती थक्क झाले. ज्या जमिनीवरून आम्ही जन्मभर चाललो, झावळ्या ओढल्या, कपडे वाळत घातले, तिच्या पोटात ही वाट होती आणि पाणी ती बरोबर ओळखून चाललं होतं. आपण झाकण लावतो आणि संपलं म्हणतो. खाली काहीच संपत नाही.

वडील उठले, सदरा घातला आणि शेजारी गेले. या माणसाने आईची कधी माफी मागितलेली मला आठवत नाही. मी मागोमाग गेले. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"पोरी," ते उभ्यानेच म्हणाले, "माझ्या टाकीचं पानी तुमच्या तोंडात गेलं. मला म्हायत नव्हतं. पन गेलं."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. आत लेक झोपली होती, तिकडे एकदा पाहिलं. मग आमच्याबरोबर येऊन काठावरची कळशी उचलली आणि रिकामीच घरी नेली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वडील रात्री जेवताना म्हणाले.

जुनी टाकी उपसून बुजवली. नवी, काँक्रीटच्या तळाची, विहिरीपासून पार दूर वाडीच्या दुसऱ्या टोकाला बांधली. पावसाळा मधे गेला. मग विहीर पूर्ण उपसली, गाळ काढला, चिरे घासले. तळ उघडा पडला तेव्हा मी शिडीवरून डोकावले. वाळूत चार-पाच ठिकाणी झरे उसळत होते. प्रत्येकाच्या तोंडाशी वाळूचे कण नाचत होते, आणि काही क्षणांत तळ पुन्हा झाकला गेला. सुरूच्या बनापलीकडे समुद्र गाजत होता. इतक्या जवळ एवढं खारं पाणी असून हे गोड कसं राहतं, हे शाळेत शिकूनही त्या क्षणी मला मुळीच कळलं नाही. मी हात जोडले. ब्लिचिंग पावडर टाकली, पाण्याचा नमुना अलिबागला पाठवला, पाणी पिण्यालायक असल्याचं उत्तर आलं. मी प्यायले. वडील प्यायले नाहीत. वहिनींना निरोप पाठवला होता, त्यांची कळशी आली नव्हती.

बाळ सुखरूप झालं होतं. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानंतर विहिरीची ओटी भरते, आणि तेव्हापासून पुन्हा पाणी भरायला लागते. ती कुठल्या विहिरीवर जाणार हे विचारायची माझी छाती नव्हती. स्वतःची विहीर मचूळ असली तरी ओटीला चालते.

त्या सकाळी फाटक वाजलं. पुढे वहिनी, हातात खण आणि नारळ, मागे लेक, कुशीत बाळ. वडील गोठ्याकडे निघून गेले. लेकीने हळदकुंकू वाहिलं, तांदूळ आणि खण काठावर ठेवला, बाळ वहिनींकडे दिलं, पोहरा सोडला. पाणी वर आलं. तिने ओल्या बोटाने बाळाची टाळू भिजवली आणि उरलेलं तिथेच उभी राहून ओंजळीने प्यायली.

"काका," वहिनींनी गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "या. तिला एकटीला दुसरा पोहरा वडवत न्हाय."

वडील आले, आणि त्यांनी दोर हातात घेतला.