दाजींनी फोडलेला ॲम्प्लिफायर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर माझ्या मूळव्याधीचाही सगळा इतिहास ठाऊक आहे.

गोष्ट एका ॲम्प्लिफायरची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. नव्वदीच्या शेवटी शहापूरच्या आमच्या घरात तो कल्याणहून आला, आणि मी आयटीआय केलेला म्हणून त्याचा मालक मी झालो. नियम माझे. प्लग काढल्याशिवाय स्पीकरच्या वायरी जोडायच्या नाहीत. तांब्याचा एक केसही शेजारच्या वायरीला लागता कामा नये. आवाज शून्यावर आणल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि वरच्या जाळीवर काही — काहीही — ठेवायचं नाही, त्याला श्वास लागतो. आईनं एकदा तिथं करंडा ठेवला, तर मी रागानं जेवलो नव्हतो. दुपारपर्यंत.

आता दाजी. थोरल्या ताईचे यजमान, धसईकडचे, भातशेती करणारे. बोलणं कमी; पण भजनाला बसले की गावाबाहेर ऐकू जातं, असं ताई म्हणायची. आम्ही सासरच्यांनी मात्र त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. त्या गणपतीत ते आले आणि रुमालात गुंडाळलेली कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणाले, "आमच्या मंडळाचं भजन हाय. लावता का जरा?"

लावली. आणि — इथं माझी लेखणी अडखळते — मला ठाऊक होतं की गणपतीपुरत्या घातलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली, त्या जाळीवर, माझी ओली जीन्स घडी करून ठेवलेली आहे. भादव्यात जाड कापड वाळतं कुठं? ॲम्प्लिफायर तर सकाळपासून आरत्या वाजवून छान गरम झालेला. काढता आली नसती का? आली असती. पण पाहुण्यांसमोर, गणपतीच्या शेजारून, पॅन्ट कशी ओढू?

टाळ सुरू झाले. दाजी पुढं सरकले. "आता माजा अभंग येतोय," म्हणाले, आणि आवाजाची खुंटी एवढीशी फिरवली.

फट्!

"अगो बाय, देवाच्या तोंडावर धूर!" आत्या ओरडली. मी प्लग उपटला. सगळे खिडक्या उघडायला धावले, तेवढ्यात मी झाकणासकट जीन्स मागच्या खोलीत नेली. आणि काय केलं? घातली. लपवायला याहून चांगली जागा सुचली नाही. बसायची बाजू कडकडीत भाजत होती, पायांत पाणी होतं. तशाच अवस्थेत बाहेर येऊन, आयटीआयच्या गंभीर चेहऱ्यानं, मी म्हणालो, "दाजी, आवाज एकदम वाढवायचा नसतो. लोड येतो."

एवढंच. हे वाक्य कुणी मागितलं होतं माझ्याकडे?

आप्पांना जावयाला बोलता येईना, म्हणून ते ॲम्प्लिफायरला बोलले, "डबडाच हाय मेला." दाजींनी कॅसेट पुन्हा रुमालात गुंडाळली. "माजाच हात जड," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी ॲम्प्लिफायरचा पत्रा उघडला. आत पाण्याचे थेंब बसलेले. ते पुसले आणि घरात सांगितलं — लोडच होता.

तेव्हापासून ते 'फटाका दाजी'. माझ्या हळदीत पोरांनी त्यांची खुर्ची साउंडवाल्यापासून उचलून लांब नेली. "दाजी, नवरा जित्ता ऱ्हाऊ दे!" सगळे हसले. मीही हसलो; नवराच होतो, हसणं शोभलं. आमच्या घरी ते आजही बेल दाबत नाहीत. दारात उभं राहून हाक मारतात, "हाय का गो कुनी?" ती कॅसेट त्यांनी पुन्हा कधी आणली नाही. त्यांचा अभंग आमच्या घरानं ऐकलाच नाही.

दोष जीन्सचा नव्हता, पावसाचा नव्हता. जाळीवरची पॅन्ट माझी होती — हे वाक्य सगळ्या घरादारासमोर बोलणं, एवढं मी दाजींचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.