टेकाळे सर कोणत्या वॉर्डात आहेत?

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कसे साठतात ते मला विचारा. ऑफ तास असतो, समोर वह्यांचा गठ्ठा असतो, तपासायचा कंटाळा आलेला असतो. मग कुणीतरी नुसतं "काल काय झालं माहितीये का?" म्हणतं, आणि वह्या राहतात तशाच! लोह्याच्या आमच्या शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. रोज सकाळी नांदेडहून लातूरकडे जाणारी एसटी पकडायची आणि लोह्याला उतरायचं. एवढ्या वर्षांत जे काही साठलं, त्यातलं निम्मं तरी एकट्या टेकाळे सरांचं आहे. गंमत म्हणजे सर स्वतः यातलं काही सांगत नाहीत. ते आपले कोपऱ्यात रंगीत खडू निवडत बसलेले असतात.

गंगाधर टेकाळे म्हणजे आमचे चित्रकलेचे सर. मूळचे उमरीकडचे, बोलणं अजून गावाकडचंच. तर मागच्या वर्षी या माणसाचं सोशल मीडियावरचं अकाउंट हॅक झालं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, रोज कुणाचं ना कुणाचं होतं. थांबा. आधी ते अकाउंट काय होतं ते ऐका.

*

नांदेड-लातूर पट्ट्यात कुणाला रक्त लागलं आणि मिळेना, की शेवटी कुणीतरी टेकाळे सरांचं नाव सुचवतं. सर रिकाम्या वर्गात जातात, फळा स्वच्छ पुसतात आणि लिहायला घेतात. रक्तगट मोठ्ठा, लाल खडूनं. खाली गाव, दवाखाना, नातेवाइकाचा नंबर. सगळ्यात खाली स्वतःचा नंबर. अक्षर असं, की बघत राहावं. मग त्या फळ्याचा फोटो काढायचा आणि अकाउंटवर टाकायचा. तासाभरात रक्तदाता हजर!

एवढा खटाटोप कशाला, सरळ टाइप करून टाका की, असं मी एकदा म्हणाले होते. त्यावर सर म्हणाले, "टाइप केलेलं लोक पुढं ढकलून देतात मॅडम. हातानं लिवलेलं दिसलं की थांबतात."

*

एकदा तपासणीला साहेब आले. नववी ब मध्ये चित्रकलेचा तास चालू, मुलं फुलदाणी काढतायत आणि फळ्यावर हे एवढं मोठं: 'बी पॉझिटिव्ह, चार बाटल्या, आजच.' आमचे मुख्याध्यापक पवार सर मागे उभे होते, त्यांचा चेहरा पार उतरला. साहेबांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि हे कोणत्या अभ्यासक्रमात येतं म्हणून विचारलं. टेकाळे सरांनी शांतपणे सांगितलं, सुलेखनात.

साहेबांनी पेन काढलं. शेऱ्याच्या वहीत 'फलकलेखन उत्तम' एवढंच लिहिलं. गाडीत बसायच्या आधी मात्र पवार सरांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, तो दवाखाना नांदेडमध्ये नेमका कुठं आला? त्यांचा स्वतःचा गट बी पॉझिटिव्ह होता.

*

आता हॅकिंगचं. सरांचा एक नियम आहे: आधी काम, चौकशी मागाहून. चौकशीला दोन मिनिटं लागतात आणि पेशंटकडे दोन मिनिटं असतीलच असं नाही, हे त्यांचं म्हणणं. तर त्या दिवशी एका जुन्या रक्तदात्याच्या नावानं मेसेज आला. माझा फोन बंद पडलाय, तुमच्या मोबाइलवर एक कोड येईल तेवढा जल्दी सांगा, पेशंट सिरीयस आहे. सरांनी दहा सेकंदांत सांगून टाकला! पुढच्या पाच मिनिटांत त्यांना त्यांच्याच अकाउंटमधून बाहेर काढलं.

मी शेजारीच बसलेली. अशी चिडले म्हणून सांगू! 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हा फलक महिनाभर आमच्या शाळेच्या दारात लावलेला होता. आणि अक्षर कुणाचं? टेकाळे सरांचंच! मी वाट्टेल तसं बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं पेशंट म्हटलं होतं ना, एवढंच पुटपुटले.

*

त्या चोरानं पुढं काय केलं? सगळे करतात तेच. सरांच्या नावानं शेकडो लोकांना मेसेज: माझा अपघात झालाय, नांदेडला सरकारी दवाखान्यात ॲडमिट आहे, अर्जंट पैसे पाठवा.

बिचाऱ्याला आमची माणसं माहीत नव्हती. आमच्याकडे कुणी दवाखान्यात आहे म्हटलं की पैसे पाठवून कुणी मोकळं होत नाही. आपण जातो. डबा घेऊन जातो! अकाउंट परत आल्यावर आम्ही ती उत्तरं वाचली आणि पोट धरून हसलो. हा पैसे पाठवा म्हणतोय, तर समोरचा विचारतोय कोणत्या वॉर्डात आहात. हा खात्याचा नंबर देतोय, तर समोरची बाई विचारतेय भाकरी चालेल का डॉक्टरनं खिचडी सांगितलीय. एक जण तर निघालो, तासाभरात पोचतो, असं कळवून गप्पच झालेला. शेवटी वैतागून त्यानं ठोकून दिलं, वॉर्ड नंबर पाच.

पाच नंबरचा वॉर्ड बाळंतिणींचा!

दुपारी त्या वॉर्डाच्या दारात अकरा माणसं डबे घेऊन उभी. उमरीची, लोह्याची, नांदेडची. आतल्या सिस्टर ओरडतायत, आत टेकाळे नावाचा पुरुष नाही म्हणून. शेवटी सरांच्या मेहुण्यांनी सरांना फोन लावला. सर वर्गात होते. आम्ही पाच नंबरात येऊन थांबलोत, तुम्ही कुठं हाव, असं मेहुण्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

सर म्हणाले, "मी नववी ब मध्ये हाय."

ते अकरा डबे वाया गेले नाहीत. तिथल्याच बाळंतिणींच्या नातेवाइकांना जेवू घातलं. आणि आलोच आहोत तर म्हणून त्यातले चार जण रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आले. चोराच्या मेसेजनं चार बाटल्या जमल्या, हे सर अजून कौतुकानं मान्य करतात.

*

हसत होतो खरं, पण सर हसत नव्हते. तीन दिवस माणूस नीट जेवला नाही. डबा उघडायचे, दोन घास खायचे, मोबाइल बघायचे. मी त्यांना समजावलं, की लोकांना कळलंय हॅक झालंय, कुणाचा एक रुपया गेलेला नाही, तुमची काही बदनामी झालेली नाही. मग कशाची फिकीर?

तेव्हा ते जे बोलले ते मला अजून आठवतं. "बदनामी गेली खड्ड्यात, मॅडम. इनबॉक्समध्ये कोण रक्तासाठी लिवून राहिलं असंल, ते मला दिसून न्हाई राहिलं."

ही गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. रोज दोन-तीन माणसं तरी त्या इनबॉक्समध्ये लिहायची. ती लिहीतच असणार, टेकाळे सर वाचतील या भरवशावर. आणि ते वाचणारा होता चोर.

*

अकाउंट परत मिळवायला कंपनीनं चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. आमचे शिपाई मारुतीमामा मोबाइल धरून उभे, समोर खुर्चीत सर. मान डावीकडे, मान उजवीकडे, मान वर. तीनदा पाठवला, तीनदा नामंजूर. म्हणे जुन्या फोटोंशी चेहरा जुळत नाही.

मला काही कळेना. मी माझ्या मोबाइलवरून सरांचं पान उघडलं आणि खाली खाली जात राहिले. तेरा वर्षांचे फोटो. फळा, फळा, फळा. ए पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह, प्लेटलेट्स पाहिजेत, रक्त मिळालं धन्यवाद. तेरा वर्षांत या माणसानं स्वतःचा एक फोटो टाकलेला नाही! एका फोटोत कोपर दिसलं तेवढंच. कंपनी तरी कशाशी जुळवणार?

खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. महाबळेश्वरच्या एका सहलीचे माझे एकसष्ट फोटो आहेत. बरं, ओळखपत्रं घेऊन, अर्ज करून, नांदेडच्या सायबर पोलिसांकडे खेपा घालून मार्ग निघत होता, पण त्याला दिवस लागत होते.

*

मधल्या दिवसांत सरांनी नवं अकाउंट काढलं. पहिला फळा टाकला आणि लोक तुटून पडले. आमच्या सरांच्या नावानं धंदा मांडतोस का, तुझं तंगडं मोडीन, खालच्या शिव्या मी इथं सांगत नाही. एकानं तर लोह्यात भेट म्हणून आव्हान दिलं. शंभर-दीडशे जणांनी तक्रार करून ते नवं अकाउंट दुपारपर्यंत बंद पाडलं! टेकाळे सरांच्या माणसांनी टेकाळे सरांनाच हाकललं.

सर सगळ्या शिव्या वाचून बऱ्याच दिवसांनी हसले. लई इमानदार माणसं हायेत म्हणाले.

*

त्याच दुपारी लातूरहून फोन आला. सात वर्षांच्या मुलीला ओ निगेटिव्ह पाहिजे, रक्तपेढीत नाही. अकाउंट दोन्ही बंद. सर उठले. ग्रंथालयातला छोटा लाकडी फळा घेतला, त्यावर लिहिलं, काखेत मारला आणि लोह्याच्या बसस्टँडवर जाऊन उभे राहिले. मी मागून पळत गेले, कारण माझाही तास नव्हता आणि मला राहवेना. शाळेतले सर हातात फळा धरून स्टँडवर उभे, लोक बघतायत, माजी विद्यार्थी पाया पडून जातायत. मला कसंतरीच वाटत होतं, सरांना काही नाही.

नांदेडहून लातूरची गाडी आली. कंडक्टर खाली उतरला, फळा वाचला, पुन्हा एकदा वाचला. सर त्याला म्हणाले की गाडीत जरा आवाज द्या, कुणी असेल तर. कंडक्टरनं वर चढून घंटी मारली आणि सरांना सांगितलं, की आवाज द्यायची गरज नाही, गाडी लातूरला साडेचारला पोचते, त्यांना पाच वाजता येतो म्हणून कळवा.

पाच वाजता तो खाकी कपड्यांतच दवाखान्यात गेला. नावही सांगितलं नाही. मुलीच्या वडिलांनी फोनवर एवढंच सांगितलं, कुणी एसटीवाले येऊन रक्त देऊन गेले.

*

दहाव्या दिवशी सरांचं जुनं अकाउंट परत मिळालं. पासवर्ड बदलला, चोराला बाहेर काढलं. स्टाफरूममध्ये सर, पवार सर, मारुतीमामा आणि मी. सरांनी बाकी काही बघितलं नाही, सरळ इनबॉक्स उघडला. ज्यांनी ज्यांनी त्या दहा दिवसांत रक्त मागितलं होतं, त्यांना एकेकाला फोन करत गेले. रक्त मिळालं का? बहुतेकांना कुठून ना कुठून मिळालं होतं. प्रत्येक फोननंतर सर डोळे मिटून घ्यायचे.

मग एक मेसेज निघाला. बिलोलीच्या एका बाईचा. बहिणीची डिलिव्हरी झालीय नांदेडला, रक्त लई जाऊन राहिलं, एबी निगेटिव्ह पाहिजे, सर काहीही करा. दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा. आणि त्याच्याखाली आमच्या बाजूनं उत्तर गेलेलं होतं, एक वाजून अकरा मिनिटांनी. म्हणजे त्या चोराचं. मला वाटलं, झालं, या बाईलाही पैसे मागितले असणार. मी वाचायच्या आधीच दात-ओठ खाल्ले.

सरांनी चष्मा नीट केला आणि मोठ्यानं वाचलं.

"दीदी, ये अकाउंट हॅक है. मैं सर नहीं हूँ. सर का नंबर नीचे है. अभी फोन करो."

खाली दहा आकडे. सरांचाच नंबर, बरोबर, फळ्यावरून उतरवून घेतलेला.

सरांना ती बाई आठवली. तिचा फोन आला होता, त्यांनी तिघांना उठवून नांदेडला पाठवलं होतं, बहीण वाचली होती, मुलगी झाली होती. नंबर कुठून मिळाला हे विचारायचं सरांच्या नियमात बसत नव्हतं. पवार सर म्हणाले, याचा स्क्रीनशॉट पोलिसांना द्यायला पाहिजे. मग तेही मोबाइलवर वाकले, कारण खाली आणखी होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी, त्याच माणसाचं: "खून मिला क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी: "दीदी, मिला क्या?"

बाईनं उत्तर दिलेलं नव्हतं. ती बहिणीपाशी असणार, तिला कुठली सवड. तिसऱ्या दिवशी परत एकदा, नुसतं: "दीदी?"

सरांनी मोबाइल जवळ घेतला आणि एका बोटानं हळूहळू टाइप करायला लागले. मी वाकून बघितलं. "मिला भाई. माँ और बच्ची दोनों अच्छे हैं."

मी म्हटलं, सर, तो आता या अकाउंटमध्ये नाही. हे त्या बाईला जाईल, त्याला दिसणार नाही.

"मालूम हाय," सर म्हणाले, आणि पाठवलं.