गेटवर काढून घेतलेले वडापाव

ही हकीकत मी बरीच वर्षे टाळली. निवृत्तीनंतर शाळांमध्ये, मंडळांमध्ये अनुभव सांगायला बोलावतात, तेव्हा मी चोऱ्या-दरोड्यांचे तपास सांगतो. ही सांगत नाही. पण एकटा बसलो की आठवते ती हीच.

कामशेतच्या पुढे, लोणावळ्याच्या बाजूला तेव्हा एक छोटे खासगी स्टेडियम नव्याने उभे राहिले होते. एप्रिलमध्ये तिथे शनिवार-रविवारी कबड्डीच्या स्पर्धा भरल्या. बंदोबस्त माझ्या ठाण्याकडे. बाहेरचे खाणे आत न्यायचे नाही, हा आयोजकांचा नियम. आत एकाच ठेकेदाराचा स्टॉल. गेटबाहेर पंधराला मिळणारा गरम वडापाव आत ऐंशीला, तोही गार आणि पुठ्ठ्याच्या डबीत. शनिवारी गेटवरच्या रखवालदारांनी लोकांच्या फडक्यातल्या भाकऱ्या काढून पिंपात टाकल्या, तेव्हा हाणामारीची वेळ आली. एक म्हातारा रखवालदाराला म्हणाला, "भाकर फेकतोस व्हय रं? तुज्या ठेकेदाराला तरी चार, म्हंजी त्याला कळंल चव."

म्हणून रविवारी सकाळच्या हजेरीत मी तोंडी हुकूम दिला. काढून घेतलेले खाणे फेकायचे नाही, गेटजवळ क्रेटमध्ये ठेवायचे आणि सफाई कामगारांना वाटायचे. वाटणार कोण आणि किती वाजता, हे मी नेमून दिले नाही. स्टेशन डायरीतही नोंद केली नाही.

त्या दुपारी चारच्या सुमारास वडापाव खाल्लेल्या प्रेक्षकांना उलट्या सुरू झाल्या. वीस-पंचवीस जणांना रुग्णालयात हलवावे लागले. मी तिथे पोहोचतो न पोहोचतो तोच ठेकेदाराच्या मॅनेजरचा फोन आला.

"साहेब, गेटबाहेर ती बाई बसते ना, तिचाच माल आहे हा. लोक पिशवीत लपवून आत आणतात. आमचं सगळं लायसन्सचं काम."

ती बाई जवळच्याच गावची, पन्नाशीची, विधवा. गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची आणि सुट्टीच्या दिवशी वडापाव विकायची. तिला ठाण्यात आणले. महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"वडे तुमचे?"

"व्हय, माजेच."

"चटणी कशाची?"

"वल्या नारळाची. मी परतेकाला सांगते, तासाभरात खा, उन्हात ठिवू नका. तुमच्या ह्या हवालदारालाबी सांगितलं. त्यांनी चार खाल्ले, इचारा त्यांना काय झालं."

हवालदार दारातच उभा होता. "काही झालं नाही सर," तो म्हणाला. मग खाली बघत पुढे म्हणाला, "पाच खाल्ले."

खोटे बोलणारा माणूस आधी वस्तूच नाकारतो, हे इतक्या वर्षांत मी शिकलो होतो. या बाईने पहिल्या वाक्यातच वडे आपले म्हटले. तरीही बाहेर वार्ताहर उभे होते, वरून फोन येत होते. मी संशयित म्हणून तिचे नाव कागदावर घेतले. संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळले.

दुसऱ्या दिवशी रुग्णांचे जबाब घेतले. एकूण एक जण म्हणाला, वडापाव आतल्या स्टॉलवर घेतला, डबीत होता. ही बाई तर वडापाव पळसाच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधून द्यायची. मी हवालदाराला स्टॉलच्या मागच्या बाजूला पाठवले. तो एक पोते घेऊन आला. आत पळसाची पाने आणि दोऱ्याचे तुकडे भरलेले. पोते बघितल्यावर ठाण्यात बोलावून घेतलेला मॅनेजर खुर्चीत बसला.

"माल संपला होता साहेब. गर्दी तर वाढतच होती. क्रेट गेटवर पडून होते."

"कधी उचललेत?"

"दोन वाजता."

म्हणजे सकाळी नऊला गेट उघडल्यापासून ओल्या नारळाची चटणी उन्हात.

"आणि विकलेत केवढ्याला?"

"रेट तोच, साहेब." मग त्याने मान वर केली. "पण आम्ही चोरले नाहीत. तुमचाच शिपाई म्हणाला, साहेबांनी वाटायलाच ठेवलेत, न्या."

हे शेवटचे वाक्य मी त्याच्या जबाबात घेतले नाही.

मॅनेजरवर कारवाई झाली. बाईचे नाव वगळायचा अहवाल मात्र मी बाजूला ठेवला. तो पाठवला असता तर क्रेट कोणाच्या हुकमाने भरले, हे लिहावे लागले असते. शाळा समितीने तिला सांगितले होते की, नाव गुन्ह्यात नसल्याचे पोलिसांचे पत्र आणा, तरच जूनपासून कामावर घेऊ. ती तीनदा ठाण्यात आली.

"साहेब, शाळा भरायला आठ दिस ऱ्हायले. तेवढा कागुद द्या. घरात दुसरं कमावतं कुनी न्हाई."

"चौकशी चालू आहे, मावशी."

शाळा भरली. खिचडीला दुसरी बाई लागली. त्यानंतर, आता कोणी फार विचारणार नाही अशी खात्री झाल्यावर, मी अहवाल पाठवला. त्यात क्रेट 'बेवारस' होते असे लिहिले. वरिष्ठांनी तपासाबद्दल माझे कौतुक केले.

पोलिसाच्या हातून अन्याय मारहाणीनेच होतो असे मी तरुणपणी समजत होतो. मी त्या बाईला एक शब्द वाकडा बोललो नाही. नुसता एक कागद अडवून ठेवला आणि तिची चूल बंद केली.

निवृत्तीनंतर मी तिला शोधत सोमाटण्याला गेलो. ती लेकीकडे राहत होती. मला बघून उठायला लागली, लेकीला म्हणाली, "हे साहेब लय चांगले. ठान्यात मला खुर्ची दिलती, आवाजबी चढवला न्हाई कदी." लेकीने चहा केला. मी तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली, चहा प्यायलो आणि परत आलो. गेल्या वर्षी ती वारल्याचे कळले.

सोमाटण्याला त्या दिवशी मला म्हणायचे होते ते एवढेच: मावशी, तुमचा कागद टाइप होऊन माझ्या टेबलावर पडला होता. माझी चूक झाकायला मी त्यावर सही केली नाही. मला माफ करा.