सूचकाच्या हाती दिलेला कागद

मंगळवार. नगरपालिकेच्या निवडणुकीत अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. अनामत एक हजार रुपये — कॉलनीतल्या वीस घरांनी पन्नास-पन्नास घालून भरलेली. घरात हजर तिघं : मी, माझी पत्नी आणि माझा सूचक भिकन. त्या दुपारी काय झालं हे आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. भिकननं ते लोकांना सांगून पाहिलं, त्याचं कुणाला पटलं नाही. मी सांगितलं असतं तर पटलं असतं. नऊ वर्षांत मी ते सांगितलेलं नाही.

मी मूळचा कळसाडीचा. शहाद्यात एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. शहर वाढलं तसे आमच्या बाजूच्या कापसाच्या शेतांत प्लॉट पडले आणि दोन-तीन वर्षांत घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पाणी मात्र आलं नाही. टँकर यायचा. कॉलनीच्या गणपतीचा जमाखर्च माझ्याकडे असायचा आणि मी पै-पै फळ्यावर लिहायचो. त्यावरूनच लोक म्हणाले, अण्णा, तुम्हीच उभे राहा. मीही राहिलो. वर्षाच्या आत प्रत्येक घरात नळ, असं सभेत बोलूनही बसलो.

उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करायला वॉर्डातला मतदार लागतो. भिकन आपणहून पुढे आला. कोपऱ्यावर त्याचं विहिरीच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायचं दुकान — तेव्हा नुसतं पत्र्याचं.

आता इथे मी अडखळतो. कारण मला कुणी धमकी दिली नव्हती. पैसे दिले नव्हते. समोरच्या उमेदवाराचा साधा निरोपही आला नव्हता. सोमवारी मी गल्लीवार मतं मांडली, तर मी साठेक मतांनी निवडून येत होतो. हरणार असतो तर समजलं असतं. जिंकणारा माणूस माघार का घेतो? पाण्याची टाकी एकच होती आणि घरं रोज वाढत होती, माझ्या शब्दाचं गणित जमत नव्हतं, हे खरं. पण मग तसं लोकांना का नाही सांगितलं? नळ देता येणार नाही म्हणून घाबरलो, की उद्यापासून सगळे माझ्याकडे बोट दाखवतील म्हणून? की सकाळी दूधवाला थट्टेनं ‘नगरसेवक’ म्हणाला, एवढंच? मी हे पुष्कळदा तपासलंय. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

मी माघारीच्या अर्जावर सही केली. तो स्वतः द्यायला जायचं धाडस झालं नाही — कचेरीबाहेर आपलीच माणसं उभी असणार. उमेदवारानं लेखी अधिकार दिला तर सूचकालाही तो कागद देता येतो. मी तेही लिहून दिलं. भिकन म्हणाला, “अण्णा, जरा इचार करा ना.” पत्नी चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मी म्हटलं, जा, तीन वाजायच्या आत दे. चहा न पिता तो गेला.

संध्याकाळी मंदिरासमोर सगळे जमले. भिकनला कचेरीत कागद देताना दहाजणांनी पाहिलं होतं. त्यातच त्याच आठवड्यात त्याच्या दुकानावर स्लॅब पडला होता. मग काय, दोन आणि दोन चार : पैसे घेऊन त्यानंच परस्पर माघार नेऊन दिली. गर्दीतून कुणीतरी बोललं, “भिकननं दुकान पक्कं व्हई गयं, आपला नळ कोल्लाच ऱ्हायना!” कोरड्या नळावर हशा झाला. भिकन माझ्याकडे वळला. “अण्णा, तुम्हीच सांगा ना यास्ले. हाऊ कागद माले कोणी दिन्हा व्हता?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्लॅबचे पैसे आमच्याच पतसंस्थेच्या कर्जाचे होते आणि त्या कर्जाला जामीन मी होतो. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, “झालं ते झालं. त्याला कुणी काही बोलू नका.”

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. त्या क्षणी मला तर वाटलं की मी त्याला वाचवतोय — खरंच वाटलं का, की आता तसं वाटतंय? लोकांनी मात्र अर्थ लावला. अण्णांचं मन मोठं, विकणाऱ्यालाही माफ केलं! दुसऱ्या दिवशी मी अनामतीचे पन्नास-पन्नास घरोघरी परत केले, तेव्हा तर माझा मान आणखी वाढला. भिकनच्या दारात गेलो तर त्यानं माझ्या हातातले पन्नास पाहिले आणि आत निघून गेला. नोट मी उंबऱ्यावर ठेवली.

पुढच्या श्रावणात कॉलनीत कानबाई देवी बसली तेव्हा त्याच्या बायकोला कुणी हाक मारली नाही. मिरवणुकीत ती एकटीच मागे चालत होती, आणि माझी पत्नी पुढे, बायकांच्या घोळक्यात. रात्री पत्नी एवढंच म्हणाली, “आते तरी सांगी टाका.” मी म्हटलं, जुनं झालं. मोटारी हळूहळू दुसऱ्या दुकानात जायला लागल्या. खरं तर जुनं काहीच झालेलं नव्हतं.

मध्ये बरीच वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक होता. यंदा पुन्हा लागली. त्याच सुमारास भिकननं घर विकायला काढलं, नवापूरला मेहुण्याकडे जाणार म्हणून. घर मी घेतलं. का घेतलं? दुसऱ्या कुणी त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडू नये म्हणून, असं मी पत्नीला सांगितलं. बाजारभाव चौदा लाख होता. चौदाच दिले, चेकनं, भिकनच्या नावे.

त्याचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हाच कॉलनीतले दोघं माझ्याकडे आले. यंदा उभे राहाच म्हणाले. भिकन चार हातांवर मोटारीचं वायंडिंग यंत्र दोरीनं बांधत होता. आलेल्या दोघांतला एक मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “फक्त या खेपेले सूचक देखीसन ल्या, अण्णा!”

भिकननं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. थांबला.

मी म्हणालो, “बघू.”

त्यानं दोरीची गाठ आवळली. टेम्पोचं भाडं मी द्यायला गेलो, त्यानं हात पुढे केला नाही. नवापूरपर्यंतचे साडेतीन हजार झाले. ते मी टेम्पोवाल्याला दिले.