फुग्यावरचे ठिपके

भाचीच्या वाढदिवसाचे फुगे फुगवताना रबराचा तो वास नाकात गेला आणि या वयातही माझे कान तापले.

दहावीत असताना जिंतूरच्या विज्ञान प्रदर्शनात मी फुग्यावर शाईचे ठिपके काढले होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका. फुगा फुगवत मी सांगितलं, "ठिपके पळत नाहीत, त्यांच्यामधली जागाच ताणली जाते. विश्वही असंच पसरतं." कापसाची वेचणी सोडून बोरीहून आलेली आई समोरच बसली होती.

परीक्षकांनी विचारलं, "पसरतं, पण कशात?"

"माहीत न्हाई," माझ्या तोंडून निघालं.

"न्हाई?" त्यांनी माझ्याच सुरात म्हटलं आणि सगळा हॉल हसला. आईही हसली, तोंडाला पदर लावून. शरमेनं माझ्या हातातून फुगा सुटला आणि फुर्रकन तिच्या पायाशी जाऊन पडला.

आता मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पसरायला विश्वाला बाहेरची जागा लागतेच असं नाही, जागा स्वतःच वाढते, असं मुलांना सांगते. बाहेर काही आहे का, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे माझं उत्तर लाजण्यासारखं नव्हतंच.

खरी लाज वाटते ती परतीच्या एसटीची. आई हळूच म्हणाली, "समदे हसले म्हणून मी बी हसले. वाटलं, तू कायतरी गमतीचं बोललीस." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "चुकलं का गं माझं?"

मी नुसती मान हलवली, आणि ती 'हो' म्हणून होती की 'नाही' म्हणून, हे तिला कळलंच नसावं.