कंट्री सोडवायला जीप आली

जीप दारात लागली आणि मामा आत यायच्या आधीच ओरडले, "पोर घे गो, कपडे भर, चल माहेरी, कापड्याला!"

माझ्या हातात पिठाचा गोळा, पोर कमरेवर, स्टोव्हवर तवा तापलेला, आणि खाटेवर दोन गिटारी शेजारी शेजारी झोपवलेल्या, एक लाल, एक पिवळी. मला पहिलं वाटलं माहेरात कोण तरी गेलं. पिठाचाच हात तोंडावर गेला.

"कोण गेलं मामा?"

"जायचं काय राहिलंय? तुझा नवरा कंट्री घेतो ते पोलादपूरच्या स्टँडला सगळ्यांना ठावं, आणि तू चपात्या लाटतेस!"

माझा मोठा भाऊ मागं उभा होता. त्यानं नुसती मान हलवली आणि बोलला, "आईनं रडून डोळे सुजवलेत." मग कोपऱ्यातली माझी बॅग उचलली आणि दोरीवरचे कपडे सुके ओले न बघता तिच्यात कोंबायला लागला. शेजारणी दारात. जीपवाला हॉर्न वाजवतोय. माझी पोर हॉर्न ऐकून हसतेय. माझ्या तोंडून घाईत निघालं ते असं, "मामा, ती बाटलीतली नाय हो!"

"मग काय फुग्यातली?" मामा बोलले. "फुग्यात हातभट्टीची असते, ती तर अजून वाईट!"

आता तुम्हाला पहिल्यापास्नं सांगते, नायतर तुम्ही पण मला जीपमधे बसवाल.

आम्ही बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचो. हे एमआयडीसीतल्या एका कंपनीत हेल्पर, आणि सुट्टीला बेंजो पार्टीत. बेंजो म्हणजे बटणं दाबायची नि तारा छेडायच्या, कर्ण्यातून आवाज अख्ख्या वरातीला. तर त्या वर्षी कंपनीत नवीन मशीन आलं आणि ते बसवायला परदेशातून गोरा साहेब आला. मशीन चालू होईपर्यंत साहेब राहणार होता, म्हणजे बराच राहिला. ह्यांना गेस्ट हाऊसवर त्याचा चहा न्यायला लावला. तिथं त्याची कॅसेट लागलेली असायची.

एक दिवस हे घरी आले ते डोळे चमकतायत, बोलले, "आज साहेबानं कंट्री दिली. काय चीज हाय गो!"

मी आठवी नापास, पण येवढं मला कळतं. आमच्याकडं कंट्री म्हणजे एकच, ती दुकानाच्या मागच्या दारानं मिळते. हे झोपल्यावर जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. पण कंपनीतून आलेल्या माणसाच्या अंगाला कंपनीचाच असा वास असतो, की आत दारू असती तरी तिचा जीव घुसमटला असता. मी तशीच बसून रडले. मग हे उठले, विचारलं, आणि मला कॅसेटची गोष्ट सांगितली. कंट्री म्हणजे साहेबाच्या देशातली गावाकडची गाणी.

"त्यांच्याकडं पण गाव असतं?" मी विचारलं.

"असतं तर. शेतं असतात, घोडे असतात. बाई सोडून जाते, मग हा गात बसतो."

"गात कशाला बसतो? तिला समजवायला जायचं."

पण गाण्याचं ह्यांना काय नव्हतं, ह्यांना ती मधली गिटार लागली होती. टण्ण करून वाजते आणि मागनं तिला शेपूट निघतं, टँऽव करून. साहेबानं खुणा करून, कागदावर चित्र काढून सांगितलं, असा आवाज पाहिजे तर कसली गिटार घ्यायची ते. हे घरी येऊन सारखे तेच, "पिकप महत्त्वाचा. मागचा पिकप बारीक पाहिजे." मला परत भ्या. मला वाटलं टेम्पो घेतायत, आता सकाळी भाजी न्यायची आणि रात्री हप्त्याची काळजी करायची. मग कळलं की पिकप म्हणजे तारांच्या खालची पट्टी, आवाज पकडते ती. बरं झालं बाई.

पोलादपूरला एक ऑर्केस्ट्रावाले होते. त्यांचा ऑर्केस्ट्रा बंद पडला, कारण लोकांना आता डीजे पाहिजे, ज्याला जेवायला घालायला लागत नाय. त्यांच्याकडं दोन गिटारी उरल्या होत्या. ते बोलले, दोन्ही ने, वाजवून बघ, एक ठेव, एक गणपतीच्या आधी परत आण. हे दोन्ही घेऊन एसटीत चढले तर कंडक्टरनं लाल वाली स्वतः धरून सीटवर नीट बसवली. पिवळीकडं बघून बोलला, "ही फळी टपावर टाका."

लाल दिसायला होतीच तशी. दोन शिंगं, चकचकीत, तोंड दिसायचं तिच्यात. पिवळी म्हणजे सरळ पाट, वर तारा ताणलेल्या. आमच्या चाळीत दोन्ही बघायला माणसं यायला लागली आणि जो तो मत द्यायला लागला. एक बाई बोलली लाल घ्या, फोटोत उठून दिसते. एक क्लार्क बोलले पिवळी मळेल. एकानं दोन्ही उचलून बघितल्या आणि बोलला लाल जड हाय, म्हणजे माल चांगला. वाजवून बघा असं कोणीच बोललं नाय. जावई बघायला गेले तरी आमच्याकडं असंच करतात.

वाजवल्या त्या आम्हीच, दुपारी, दार लावून. हे बेंजोच्या कर्ण्याला वायर लावायचे. चिमटीत तारा छेडायची पत्री धरायची आणि उरलेल्यातल्या दोन बोटांनी बाकीच्या तारा टिपायच्या, असं साहेबानं दाखवलेलं. मी बघून बोलले, हे तर तांदूळ निवडल्यासारखं झालं, दोन बोटं खड्याला, बाकीची धक्का द्यायला. हे हसले, बोलले साहेब पण ह्याला पिकिंगच बोलतो, म्हणजे निवडणं.

लालवर वाजवलं की आवाज जाड यायचा, गोड, पण भरभर वाजवलं की सगळा गिचका भात. एक सूर दुसऱ्याला चिकटलेला. तिच्यात दोन दोन पिकप जोडीनं होते, म्हणून ती भरदार, असं हे बोलले. आणि मग पिवळी घेतली, खटका मागच्या पिकपवर टाकला, आणि टण्ण! स्टीलचा पेला पायरीवरनं पडतो ना, तसं. कितीपण भरभर वाजवा, प्रत्येक शीत मोकळं. पोर झोपेतनं उठून टाळ्या वाजवायला लागली.

"तू सांग," हे बोलले.

"पिवळी."

"पाटासारखी दिसते पण. लोक हसतील."

"पाटावर बसूनच जेवतात ना लोक? घ्या पिवळी."

झालं. ठरलं. लाल रविवारी परत द्यायची. येवढ्यावर गप्प बसायचं की नाय? पण हे पोलादपूरला गेले, स्टँडच्या टपरीवर पार्टीतली पोरं भेटली, आणि हे मोठ्यानं बोलले, "बेंजो सोडला मी. आता फक्त कंट्री!" तिथं आमच्या कापड्याचा एक माणूस चहा पीत होता. त्यानं चहा अर्धा टाकला म्हणे.

म्हणून ती जीप.

तर मामा खाटेवर बसायला गेले, गिटारी बघून थबकले, आणि उभेच राहिले. तेवढ्यात हे पहिल्या पाळीवरनं आले. मामांना बघून ह्यांना आनंद झाला, वाकून नमस्कार केला. मामांनी पाय मागं घेतले.

"जावईबापू, एकच विचारतो. कंट्री सोडणार का नाय?"

"सोडू कशाला मामा? आत्ता कुठं हाताला लागलीय."

शेजारणींनी तोंडाला पदर लावले.

"कधीपास्नं?"

"साहेब आला तेव्हापास्नं. पहिलं गेस्ट हाऊसवर, मग घरीच."

"घरी? पोरीपुढं?"

"पोरीला तर लय आवडते."

मामा मटकन बसले, ते लाल गिटारीवर. ती खाटेवर वाजली, बारीकशी. मी मधे घुसले. डोक्यावरचा पदर सावरत एका दमात सगळं सांगितलं, साहेब, कॅसेट, घोडे, सोडून गेलेली बाई, सगळं. दादाला कळलं. तो हसायला लागला आणि मामांनी बघितल्यावर खोकला. मामा बोलले, "मग वाजवून दाखवा." ह्यांनी वायर लावली. लाईट गेलेली. बिरवाडीची लाईट कामाच्या वेळी कधी असते?

ह्यांनी तसंच नुसत्या तारांवर वाजवून दाखवलं. कर्ण्याबिगर ती गिटार म्हणजे डास.

"हे ऐकायला साहेब परदेशातनं आला?" मामा बोलले.

पण त्यांना कळलं होतं. मी त्यांच्या तोंडावर बघितलं, त्यांना चांगलं कळलं होतं की दारू नाय. आता खरी पंचाईत त्यांची झाली. ते हळूच मला बोलले, "मी गावात सांगून आलोय गो. कंट्री सोडवल्याबिगर येत नाय. जीपपर्यंत माणसं मला पोचवायला आलेली. आता मी जाऊन काय सांगू, गाणं होतं म्हणून?" मग मोठ्यानं, शेजारणींना ऐकू जाईल असं, "ते काय मला माहीत नाय! कंट्री ह्या घरात राहणार नाय. ती तरी जाईल, नायतर माझी भाची जाईल!"

हे तसे गरीब, पण त्या दिवशी पिवळीवर हात ठेवून उभे राहिले आणि बोलले, "मी काय चोरी केलेली नाय. मी सोडणार नाय."

बॅग जीपमधे गेलेली. पोर दादाच्या मांडीवर पुढच्या सीटला, हॉर्नवर हात. मामा एकदा बोलले की मागं घेत नाय, माझ्या मावशीला एकदा असंच आणलं होतं मिठाच्या भांडणावरनं, ती परत सासरी गेली तेव्हा तिथला आंबा मोहोरून गळून गेला होता. मला तेच दिसायला लागलं. मी एकीकडं ह्यांच्याकडं बघतेय, एकीकडं जीपकडं, आणि पाय आपोआप खाटेकडं गेले. मी लाल गिटार उचलली. जड होती. मामांच्या हातात दिली.

"न्या मामा. हीच ती कंट्री."

ह्यांनी तोंड उघडलं. मी असं बघितलं ह्यांच्याकडं, की मिटलं.

"हीच?" मामा बोलले. त्यांनी लाल बघितली, शिंगं बघितली, चकाकी बघितली. "वाटलंच मला. रंगावरनंच कळतं." मग ह्यांच्याकडं वळले. "सोडली ना जावईबापू?"

"सोडली," हे बोलले. आणि लाल तर खरंच सोडली होती.

"वाटेत पोलादपूरला हिच्या मालकाला द्या," मी बोलले. म्हणजे एसटीची एक खेप पण वाचली.

दादानं बॅग उतरवली, पोर माझ्याकडं दिली, आणि देताना एक डोळा बारीक केला. मामा जाता जाता पिवळीपाशी थांबले.

"आणि ही?"

"ही... ही भजनाला."

मामांनी पिवळीवर थोपटलं. "ही चांगली. साधी हाय."

जीप गेली ती लाल गिटार पुढच्या सीटवर उभी करून, मामा मागं. पोलादपूरच्या स्टँडला मुद्दाम एक चक्कर मारली असं ऐकलं. तेव्हापास्नं कापड्यात कुणाचा नवरा प्यायला लागला की मामांना बोलावतात. गणपतीला हे तिकडं जाऊन पिवळी वाजवतात, टण्ण करून, आणि मामा मांडवात सगळ्यांना सांगतात, "बघा, कंट्री सोडल्यापास्नं हात कसा मोकळा झालाय!"

परवाच्या गणपतीला मात्र मामा माझ्या शेजारी येऊन बसले. गाणं ऐकत राहिले, मान डोलवत. मग माझ्याकडं न बघता हळूच बोलले, "गो, खरं सांग. त्या दिवशी मी नेली तीच कंट्री, का ही समोरची?"

समोर सगळा गाव, मामांचा त्या पिवळ्या पाटावर बसलेला मान, आणि ह्यांची बोटं तांदूळ निवडतायत. तुम्ही असता तर काय बोलला असता?